सत्तावीस नंबरची चिमणी

कुंभिवलीच्या हिरूला माणसं चिमणीवाला म्हणायची. पाखरांचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या बापाच्या भाताच्या तीन खाचरांवर रंगाचा कारखाना उभा राहिला आणि जमिनीच्या बदल्यात हिरूला तिथं नोकरी मिळाली. वीजखात्यात मदतनीस. म्हणजे शिडी धरायची, तार ओढायची आणि शिकलेल्या माणसानं हात पुढे केला की त्यात पक्कड ठेवायची.

सन ऐंशीच्या आगेमागे कंपनीनं परदेशातून चाळीस पेजर मागवले. काळी, खिशाला अडकवायची, आगपेटीहून थोडी मोठी डबी. गेटावरच्या ऑपरेटरनं टेबलावरच्या यंत्रात नंबर दाबला की छपरावरच्या एरियलातून हाक निघायची, आणि ज्याचा नंबर असेल त्याच्याच खिशातली डबी वाजायची, लाल दिवा लुकलुकायचा. डबी बोलायची नाही. ती वाजली की जवळच्या फोनाशी जाऊन विचारायचं, कोणी बोलावलं, कशासाठी. चिवचिवते म्हणून कामगारांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव चिमणी ठेवलं, आणि साहेब लोक सोडले तर पेजर हा शब्द पुन्हा कोणी उच्चारला नाही.

चिमण्या बसवायला मुंबईचा इंजिनिअर पंधरा दिवस येत होता. हिरू त्याची शिडी धरायचा. विद्या मागून मिळत नाही, पण शिडी धरणाऱ्याला वरचं सगळं दिसतं. त्यानं पाहिलं, डबीच्या पोटात दोन ओळींत बारीक पिना आहेत. एक ओळ दशकाची, एक एककाची. कुठली पिन कुठल्या पिनेला तारेच्या पुलानं जोडायची, यावर डबीचा नंबर ठरतो. पूल बदलला की डबीचं नाव बदललं. इंजिनिअर हे काम भिंगातून बघत, ओठ आवळून करायचा. हिरू सातवी शिकलेला, पण चौकातल्या शकूरच्या रेडिओच्या दुकानात रविवार-रविवार बसून त्यानं कथील वितळवायची सळई हातात धरली होती. इंजिनिअर गेला, महिन्याभरात दोन चिमण्या मुक्या झाल्या, साहेब डोक्याला हात लावून बसला, तेव्हा हिरू म्हणाला, "बगू का साहेब?"

त्यानं बघितलं, आणि पुढची सात-आठ वर्षं दुसऱ्या कोणी बघितलं नाही.

जिन्याखालची एक खोली त्याला मिळाली. तिथं तो राजा होता. नवा नंबर बसवला की चाळीसही चिमण्या टेबलावर ओळीनं मांडायचा आणि ऑपरेटरला नंबर दाबायला सांगायचा. एक बोलली पाहिजे, हे कोणालाही कळतं. एकोणचाळीस गप्प राहिल्या पाहिजेत, हे हिरूला कळायचं. त्या गप्प बसल्या की तो समाधानानं मान हलवायचा. हातात चिमणी घेऊन तो सारा कारखाना चालला होता. बॉयलरच्या मागं हाक पोचत नाही, गोदामाच्या तिसऱ्या दरवाजानंतर पुन्हा येते, हे त्याला पायांनी पाठ होतं. नदीकाठचं पंपघर तर मैलभर लांब, तिथं फोनही नाही. तिथपर्यंत हाक जावी म्हणून त्यानं साहेबाशी वाद घालून एरियल हलवायला लावली होती. ती पोचली त्या दिवशी त्यानं घरी गोड करायला सांगितलं होतं.

आता सतरा नंबरची गोष्ट. हिरूनं एकट्यानं केलेली ती पहिली चिमणी. नवखा हात, सळई जरा जास्त वेळ टेकली आणि तांब्याची पातळ पट्टी पापुद्र्यासारखी वर आली. त्यानं श्वास रोखून ती परत बसवली. डबी चालू झाली. ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही. पण त्याच्या मनात पक्कं बसलं, ह्या डबीला परत ऊब दाखवायची नाही, दाखवली तर मेली.

सतरा नंबर पंपघरातल्या भिवाजीकडं होता. श्रावणात भिवाजीला बांधावर पान लागलं. आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. त्याच्या जागी पंपघरावर गजा आला. गजा हिरूच्याच आळीतला, एका ताटात जेवलेला. पंपाला कान लावून आतलं दुखणं सांगायचा, असा माणूस.

दुसऱ्याच दिवशी गजा चिमणी घेऊन जिन्याखाली आला.

"हिऱ्या, ही बदलून दे रं."

"का? वाजत नाय?"

"वाजते. तेच तर. आय बोलते, मेल्या मान्साच्या नावानं आलेल्या हाकेला ओ दिली, तर ती हाक आपल्याला घिऊन जाते. दोन दिस जेवली नाय ती."

"अरं, तुझ्या आईला सांग, भिवाजी मेला हे चिमणीला काय म्हाईत?"

"सांगितलं. तर बोलते, चिमणीला म्हाईत नाय, म्हनूनच ती त्यालाच हाक मारील."

हिरू हसला. म्हणाला, "जा. आयला सांग, नंबर बदलला. तुजा सत्तावीस, त्यो कोनाला दिल्याला नाय."

त्यानं डबी उघडली. ती पट्टी दिसली. तो तिच्याकडं बराच वेळ बघत राहिला. परदेशातली वस्तू, मेली तर दुसरी यायला सहा महिने, आणि साहेब विचारणार, पट्टी कधी उचलली. त्यानं झाकण परत लावलं. वर सतरा खरवडून सत्तावीसचा कागद चिकटवला. मग तो ऑपरेटरच्या खिडकीशी गेला.

ऑपरेटर तेव्हा झोहरा होती, चौकातल्या गॅरेजवाल्या मोहियुद्दीनची मुलगी. जिभेची तिखट, डोक्यानं तल्लख.

"झोहरा, कोनी सत्तावीस मागितला का सतरा दाबायचा. लिवू नको कुठं. ध्यानात ठिव."

"का हो हिरूभाऊ? तुमची चिमणी माहेरचं नाव विसरत नाही वाटतं?"

"चार दिस गं. मग करतो नीट."

"तुमचे चार दिवस मी ओळखते. आमच्या गॅरेजात पण गाड्या चार दिवसांसाठीच येतात."

चार दिवसांचं वर्ष उलटलं. झोहरा एकदाही चुकली नाही. मोतीबाई, म्हणजे गजाची आई, पोटभर जेवत होती. गजाच्या खिशात खरं तर मेलेल्या भिवाजीचीच हाक वाजत होती, आणि त्याला काही झालं नव्हतं. हिरूला कधीकधी ह्याची गंमतही वाटायची.

मग झोहराचं लग्न ठरलं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी ती स्वतः जिन्याखाली आली. बेसनाचे लाडू दिले, आणि जाताना दारातून वळून म्हणाली, "भाऊ, ते सत्तावीसचं तेवढं आजच करा. नव्या माणसाला मी काही सांगितलं नाही, तुम्हीच नको म्हणाला होता."

"उद्या करतो," हिरू म्हणाला.

तो उद्या गणपतीच्या आदल्या आठवड्यात पडला. मग सुट्ट्या आल्या. मग साठ्याची तपासणी आली. ही सगळी कारणं खरी होती आणि एकही खरं नव्हतं. खरं कारण ती पट्टी होती. पंप नुकताच दुरुस्त झाला होता, सत्तावीसला कोणी बोलावत नव्हतं, आणि जे बोलावणं येत नाही त्याची घाई कोणाला?

भाद्रपद संपत आला होता. मोतीबाई तेव्हा कशेळ्याला, लेकीकडं, शकूकडं होती. शकूचं बाळंतपण काढायला गेली आणि स्वतःच तापानं पडली. त्या दिवशी दुपारी तिचा श्वास बदलला. शकूचा नवरा पोस्टात धावला. गेटावर फोन लागला तेव्हा साडेबारा झाले होते. गजाला ताबडतोब पाठवा, आई त्याचं नाव घेतेय.

नवा ऑपरेटर पदू, सालस पोरगा, यादीत बघून त्यानं सत्तावीस दाबला. पाच मिनिटांनी परत दाबला. चार वेळा दाबला आणि वहीत लिहून ठेवलं, चार वेळा हाक दिली, उत्तर नाही. गजा येत असेल, असं त्याला वाटलं. मग गेटावर तीन ट्रक एकदम आले आणि तो त्यांच्या पावत्यांत बुडाला.

हिरू बॉयलरच्या मागं तार ओढत होता. चारच्या सुमारास हात पुसत खिडकीशी आला, तेव्हा पदू म्हणाला, "हिरूकाका, गजाकाकाला घरनं बोलावणं व्हतं. चार वेळा दाबला. चिमणी बंद करून निजला वाटतं. आता वॉचमननं पाळी सुटताना सांगितलं, तसा ट्रकात बसून गेला."

"कंचा नंबर दाबलास?"

"सत्तावीस. त्यांचाच हाय ना?"

हिरूनं घड्याळाकडं बघितलं. कारखान्यातून कर्जतमार्गे कशेळ्याला पोचायला, जीप मिळाली तर, दोन तास. साडेबाराला निघालेला माणूस अडीचला पोचतो. मोतीबाई साडेतीनला गेली.

तेराव्याला सगळ्या भावकीसमोर शकू भावाला म्हणाली, "तीन येळा इचारलं तिनं, गजा आला का. खिशात चिमणी बांधून मिरवतोस दादा, आन् आयची हाक येवढी जड झाली तुला? निजलास म्हनं. आता माज्या दारात पाय ठिवू नको." गजानं मान वर केली नाही. हिरू मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता.

तरीही तेव्हा सगळं सांगता आलं असतं. जे त्यानं पुढं केलं, ते केल्यावर मात्र अवघड झालं.

कंपनीनं गजाला चौकशीची चिठ्ठी दिली. ड्युटीवर पेजर बंद ठेवला, झोपला. साहेबानं हिरूला सांगितलं, उद्या सकाळी सत्तावीस नंबर घेऊन ये, सगळ्यांसमोर तपासू. हिरूला वाटलं, आता उघडं पडणार. खोली जाणार, पुन्हा शिडी हातात येणार. पाच वाजता माणसं पांगली. खिडकीतून अजून ऊन येत होतं. त्यानं डबी उघडली, सळई तापवली आणि दशकाचा पूल काढून नव्या जागी टेकवला. पट्टी हलली नाही. जागची उठलीच नाही. चौदा महिने ज्याला तो भीत होता, ते काम पाव तासात झालं.

सकाळी साहेबानं स्वतः सत्तावीस दाबला. चिमणी हिरूच्या तळहातावर होती. ती मोठ्यानं, स्वच्छ वाजली.

"वाजतोय की," साहेब म्हणाला. "मग?"

गजा त्या डबीकडं बघत राहिला. लाल दिवा विझला तरी बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वाजते साहेब. माजाच डोळा लागला आसंल."

हिरूनं मूठ मिटली.

गजाला पंपघरावरून काढून पिंपांच्या आवारात टाकलं. तिथं ऐकायचं काही नव्हतं, उचलायचं होतं. पण त्याचं खरं नुकसान ते नव्हतं. गजाचा स्वतःवरचा विश्वास उडाला. कोणी काही बोललं की तो दोनदा विचारायचा. पनवेलला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टर म्हणाला कान ठणठणीत आहेत, तेव्हा तो आणखीच खचला. कान चांगले, म्हणजे मी खरंच झोपलो होतो. दर भाऊबीजेला अंगणात बसून रस्त्याकडं बघायचा. शकू कधी आली नाही. आणि हिरू, त्याचा सगळ्यात जवळचा माणूस, शेजारी बसून बिडी ओढायचा आणि "जाऊ दे रं" म्हणायचा. बायकोलासुद्धा त्यानं काही सांगितलं नाही.

चांगल्या कारागिराला वाटतं, तोंडानं सांगायचं ते हातानं फेडता येईल. हिरूला वाटलं, आपण आता एकही चूक करणार नाही, म्हणजे फिटेल. त्यानं प्रत्येक डबीचं पोट कागदावर काढून ठेवलं. कुठलीही हाक कधी चुकू दिली नाही. साहेब बदलले, प्रत्येकानं शाबासकी दिली. ती घेऊन तो लगेच जिन्याखाली परतायचा.

सहा वर्षं गेली. कंपनीनं बोलणारे वायरलेस आणले. चाळीस चिमण्या एका पेटीत भरून भंगारात गेल्या, जिन्याखालच्या खोलीत झाडू-बादल्या आल्या आणि हिरूला स्टोअरात बसवलं. त्याच वर्षी गजाच्या मुलीचं, जिजाचं, लग्न ठरलं.

एका सकाळी हिरू गजाच्या अंगणात मांडवाचे बांबू मोजायला गेला होता. गजा म्हणाला, "हिऱ्या, एक काम कर माजं. कशेळ्याला जा. शकूला बोलव. आत्याबिगर हळद कशी लागंल पोरीला? मी गेलो तर दार लावंल. तू सांग, दादाच्या कानानं घात केला, दादाला माफ कर."

हिरूच्या हातातला बांबू खाली टेकला.

"तुज्या कानानं काय केलं नाय," तो म्हणाला.

"आता त्ये बोलून..."

"गजा, चिमणी वाजलीच नव्हती."

मग त्यानं सगळं सांगितलं. भिवाजीचा सतरा, पट्टी, वरचा कागद, झोहरा, उद्या. गजा ऐकत होता. सवयीनं त्यानं दोनदा विचारलं.

"वाजली नव्हती?"

"नव्हती."

"नव्हती वाजली?"

"नाय रं."

गजा पायरीवर बसला. "मी पंपाला दोरी भरीत व्हतो," तो म्हणाला. "पानी गळत व्हतं म्हनून. हात तेलानं भरलेले. मला ते दिसतं अजून. पन मीच म्हनायचो, गजा, तुला सपान पडलं आसंल." मग आपल्या हातांकडं बघत तो म्हणाला, "म्हंजे जागा व्हतो मी."

"जागा व्हतास."

"मग साहेबाम्होरं वाजली ती?"

"आदल्या सांजच्याला नीट केली मी."

"किती येळ लागला?"

हिरूला खोटं बोलावंसं वाटलं. "पाव तास," तो म्हणाला.

गजा उठला. आत जाऊन सदरा घालून आला. "चल. शकूला तूच सांग. मी भायेर उभा ऱ्हातो."

कर्जतहून जीपमध्ये दोघं शेजारी बसले, कारण जागा तेवढीच होती. एवढी वर्षं खरं का नाही बोललास, असं गजानं विचारलं असतं, तर हिरूकडं उत्तर तयार होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. आता त्याच्याकडं गमावण्यासारखी खोली उरली नव्हती, म्हणून धीर आला होता.

शकूनं दारात उभं राहून ऐकलं. कडेवर पोर नव्हतं, ते आता शाळेत जात होतं. ऐकून झाल्यावर ती भावाकडं बघायला लागली, आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. पण ती बोलली हिरूशी.

"आय साडेतीनपर्यंत दाराकडं बगत व्हती, हिरूदादा. मी सा वर्सं दादाला शिव्या घातल्या. त्या मी परत कशा घिऊ?"

शकूनं पदरानं तोंड पुसलं.

"मी येते हळदीला," ती म्हणाली. "पन भावकीनं माज्या तोंडून दादाला नावं ठेवल्यालं ऐकलंय. आता तुमच्या तोंडून हे ऐकू दे. मांडवात. समद्यांम्होरं. कबूल?"

"कबूल."

"दादा, आत ये," ती म्हणाली. गजा आत गेला. हिरू येतो म्हणाला आणि नाक्याकडं चालू लागला.

हळदीच्या दिवशी मांडव भरला होता. आळीतली सगळ्यात म्हातारी धोंडूबाई जात्यापाशी बसून गाण्याला सुरुवात करणार, तेवढ्यात शकू उठून म्हणाली, "आदी हिरूदादा बोलनार हाय."

हिरू उभा राहिला. त्याला नीट सांगायचं होतं. त्यानं पिनांपासून सुरुवात केली. दशकाची ओळ, एककाची ओळ, तारेचे पूल, तांब्याची पट्टी ऊब लागली की कशी उचलते. माणसं टकमका बघत होती. कोणीतरी मागून म्हणालं, "ह्यो आता चिमण्याच इकनार काय इथं?" हशा झाला. हिरू परत पट्टीपासून सांगू लागला. त्याला कळत होतं, आपण लांबण लावतोय, आणि कशापासून पळतोय हेही कळत होतं.

धोंडूबाईनं हात वर केला.

"ए बाबा. आमाला त्या तारा नको. त्या दिशी ती वाजली नाय, येवढंच ना?"

"येवढंच."

"आन् हे तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"गजा निजला नव्हता?"

"नाय. गजा जागा व्हता."

म्हातारी त्याच्याकडं बघत म्हणाली, "मग येवढं बोलायला सा वर्सं लागली व्हय रं?"

तिला उत्तर नको होतं. तिनं जात्याचा खुंटा धरला आणि गाणं उचललं. शकूनं हळदीत बोटं बुडवली आणि जिजाच्या गालाला पहिला हात लावला.

दुपारी पंगत बसली. हिरू निघणार होता, पण पंगत मोडून जाणं बरं दिसत नाही, म्हणून टोकाला बसला. गजा स्वतः वाढत होता. प्रत्येक पानापाशी थांबत होता, माणसं नको नको म्हणत हात आडवे धरत होती आणि तो त्या हातावरून भात वाढत होता, हसत होता. कोणी त्याच्याशी हळू बोललं तरी त्याला एकदाच ऐकून कळत होतं. हिरूच्या पानापाशी तो आला. एक उलथणं भात वाढला, वर वरण घातलं. हिरूनं नको म्हणायला हात पुढं केला होता. त्या हातावरून गजानं आणखी वाढलं नाही, हसला नाही, पुढच्या पानाकडं गेला.